शाळेची शिस्त आणि वाढीव तास: पालक आणि शिक्षक परत परत विचारतात ते प्रश्न

सरकारी शाळांबद्दल दोन मागण्या कायम जोडीने येतात, एक म्हणजे मुलांना जरा शिस्त लावा आणि दुसरी म्हणजे शाळा जास्त वेळ चालवा. दोन्हींवर लोक इतकं ठाम बोलतात की मध्ये काही विचारायची सोय राहत नाही. खाली घेतलेले प्रश्न कुठल्याही देशातल्या सरकारी शाळेत थोड्याफार फरकाने हेच असतात. जिथे अभ्यास झालेत तिथे त्यांचा आधार घेतलाय, जिथे माझं मत आहे तिथे तसं म्हटलंय, पटलं नाही तर सोडून द्या.

शाळा एक तास वाढवली तर मुलं जास्त शिकतात का? हो की नाही एवढंच सांगा.

एवढंच सांगायचं तर थोडं शिकतात, आणि तेही त्या तासात काय घेतलं त्यावर. व्हिक्टर लावी नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने पिसा (PISA), म्हणजे बऱ्याच देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची घेतात त्या परीक्षेचा २००६ चा डेटा घेऊन हेच तपासलं, की एखाद्या विषयाला आठवड्यात जास्त वेळ मिळाला तर त्या विषयात मार्क वाढतात का. वाढतात, पण माफक, आणि विकसनशील देशांत त्याहूनही कमी. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २०१२ मध्ये वाचनात सगळ्यात मागे असलेल्या १०० प्राथमिक शाळांना रोज एक तास जादा दिला पण अट घातली की तो तास वाचनाचाच, तिथे फायदा दिसला. तिथल्याच मॅसॅच्युसेट्स राज्याने २००६ पासून काही शाळांना वर्षाला निदान ३०० तास वाढवायला पैसे दिले आणि ते कसे वापरायचे हे बरंचसं शाळांवर सोडलं. तिथे सरासरी निकालात सांगण्यासारखा फरक पडला नाही, मुलं दमतात ही तक्रार मात्र आली.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते हरियाणाचं उदाहरण. २०११-१२ पासून तिथल्या सरकारने सगळ्याच शाळांचा दिवस एक तासाने वाढवला. मग २०१२-१३ मध्ये काही शाळांत त्या जादा तासात 'प्रथम' या संस्थेची पद्धत वापरली, म्हणजे मूल कुठल्या इयत्तेत आहे ते बाजूला ठेवायचं, त्याला आत्ता काय वाचता येतं ते बघायचं, अक्षरं ओळखणारी एका गटात, शब्द वाचणारी दुसऱ्या, गोष्ट वाचणारी तिसऱ्या, आणि प्रत्येकाला तिथून पुढे न्यायचं. बाकीच्या शाळांत नेहमीचंच शिकवणं एक तास जास्त वेळ चाललं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञ मंडळींनी दोन्हींची तुलना केली तर हिंदी वाचनात गटवाल्या शाळा पुढे गेलेल्या होत्या. तास दोघांनाही सारखाच मिळाला होता बरं का. म्हणून कोणी नुसतं "तास वाढवले" असं सांगितलं की माझा पुढचा प्रश्न एकच असतो, त्यात काय घेणार?

पण मग शिस्तीचा आणि वेळेचा संबंध काय? हे दोन वेगळे विषय नाहीत का?

माझ्या मते एकच विषय आहे. समजा ४५ मिनिटांचा पिरियड आहे. शिक्षक येईपर्यंतचा गोंधळ, हजेरी, वही विसरलेल्याची चौकशी, मागच्या बाकावरचं भांडण, मध्येच दारात आलेली नोटीस, यात फक्त ७ मिनिटं गेली असं धरा, आणि दिवसाला असे ८ पिरियड. झाली ५६ मिनिटं. म्हणजे जो एक तास वाढवायला आंदोलनं, बैठका, बजेट सगळं चाललंय तो तास आहे त्याच दिवसात सांडतोय.

आता उलट बाजू बघा. एका मुलाला ३ दिवस घरी बसवलं, दिवसाला ६ तास धरले तर १८ तास गेले. सगळ्यांसाठी शाळा रोज अर्धा तास वाढवली तर त्या एका मुलाचे हे १८ तास भरून यायला ३६ दिवस लागतील. एकीकडे वेळ वाढवायचा आणि दुसरीकडे ज्या मुलाला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच गेटबाहेर काढायचं, हे असं बरेच ठिकाणी एकाच वेळी चालू असतं आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही.

आमच्या वेळी मार पडायचा म्हणून मुलं सरळ होती, आता धाकच राहिला नाही. खरं की नाही?

धाक होता हे खरं. पण त्या धाकाने किती मुलं सरळ झाली आणि किती शाळाच सोडून गेली हे आपण मोजत नाही, कारण सोडून गेलेली मुलं "आमच्या वेळी" म्हणायला या चर्चेत नसतातच. मार खाल्लेला मुलगा त्या सरांच्या पिरियडला गप्प बसतो आणि पुढच्या मवाळ बाईंच्या पिरियडला दुप्पट धुडगूस घालतो, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा.

आणि कायद्याचं म्हणाल तर तो प्रश्न बहुतेक ठिकाणी निकालात निघालाय. स्वीडनने शाळेतला मार १९५८ मध्ये थांबवला आणि १९७९ मध्ये घरातलाही. ब्रिटनमध्ये सरकारी शाळांसाठी १९८६ मध्ये कायदा झाला, खाजगी शाळांना पुढे बरीच वर्षं मोकळीक होती. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला दोन्हीला मनाई करतं, म्हणजे छडी तर नाहीच पण वर्गासमोर उभं करून पाणउतारा करणंही नाही, हा दुसरा भाग लोक सोयीने विसरतात. अमेरिकेत मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये शाळेतल्या माराला राज्यघटनेची आडकाठी नाही असं म्हटलं आणि काही राज्यांत तो अजून कायद्याने चालतो. तिथली मुलं जगात सगळ्यात शिस्तीची आहेत असं काही कोणी म्हणताना मी ऐकलं नाही.

मारायचं नाही, ओरडायचं नाही, बाहेर काढायचं नाही. मग शिक्षकाने करायचं काय? हात बांधून ठेवलेत आमचे.

हा राग मला शंभर टक्के समजतो, कारण सरकार काय करू नका याचं परिपत्रक काढतं आणि काय करा याचं ट्रेनिंग द्यायला विसरतं. ५० मुलांच्या वर्गात उभं राहिलेल्या माणसाला "प्रेमाने घ्या" एवढंच सांगणं ही चेष्टा आहे.

कामाला येतं ते सगळं बरंचसं कंटाळवाणं असतं. पहिलं म्हणजे ठरलेली पद्धत. वर्गात आल्यावर काय करायचं, वह्या कशा गोळा करायच्या, पाणी प्यायला कसं विचारायचं, काम लवकर संपलं तर काय, हे वर्षाच्या पहिल्या दोन आठवड्यांत धड्यासारखं शिकवायचं आणि सराव करून घ्यायचा. बऱ्याच शिक्षकांना हे वेळ वाया घालवणं वाटतं, पोर्शन मागे पडेल अशी धास्ती असते, पण तो वेळ नंतर वर्षभर परत मिळत राहतो. दुसरं, परिणाम छोटा असला तरी चालेल पण तो चुकता कामा नये. दहा वेळा दुर्लक्ष आणि अकराव्या वेळी स्फोट असं झालं की मुलं नियम शिकत नाहीत, सरांचा मूड ओळखायला शिकतात. तिसरं, टोकायचं ते जवळ जाऊन, हळू आवाजात, दोन वाक्यांत. सगळ्यांसमोर टोकलं की मुलाला प्रेक्षक मिळतात आणि मग तो माघार कशाला घेईल, विशेषतः तेरा-चौदाच्या वयात.

आणि एक जुनी युक्ती आहे जिच्यावर खरंच भरपूर संशोधन झालंय, "गुड बिहेवियर गेम". १९६९ मध्ये अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या चौथीच्या एका वर्गावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गाच्या दोन टीम करायच्या, नियम मोडला की त्या टीमच्या नावापुढे फळ्यावर खूण, कमी खुणा असलेली टीम जिंकली, आणि दोन्ही टीम ठरलेल्या आकड्याच्या आत राहिल्या तर दोन्ही जिंकल्या. बक्षीस काय तर थोडा मोकळा वेळ, रांगेत पहिला नंबर, असलं बिनपैशाचं. पुढे १९८० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये पहिलीच्या वर्गांत हाच खेळ घेतला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा माग ठेवला, तर लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये पुढे व्यसनांचं प्रमाण कमी दिसलं. पहिलीतला एक खेळ! आता यात एक धोका आहे, टीम हरली म्हणून एखाद्या मुलाला बाकीचे छळतात, तेव्हा ज्याच्यामुळे टीम सतत हरते असं मूल असेल तर त्याची वेगळी टीम करायची, मूळ प्रयोगाच्या वेळीही अशी अडचण आलीच होती.

झीरो टॉलरन्स का नाही आणत? एकदा नियम मोडला की सरळ बाहेर.

आणून बघितलंय. अमेरिकेत १९९४ मध्ये केंद्राने कायदा केला की शाळेत बंदूक आणणाऱ्याला निदान एक वर्ष शाळेबाहेर ठेवायचं. बंदुकीपुरतं ते समजण्यासारखं आहे. पण त्याच धाटणीचे नियम मग मारामारीला लागले, उलट बोलण्याला लागले, आणि करता करता उशिरा येण्यालाही. २००८ मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या गटाने सगळा पुरावा तपासला आणि यामुळे शाळा जास्त सुरक्षित किंवा शांत झाल्याचं दिसत नाही असं सांगितलं.

टेक्सासचा २०११ चा अहवाल तर वाचण्यासारखा आहे. सातवीपासून जवळपास १० लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, तर बारावीपर्यंत त्यातल्या जवळपास ६० टक्के मुलांवर एकदा तरी निलंबनाची किंवा काढून टाकायची कारवाई झाली होती. साठ टक्के! आणि कायद्याने करावीच लागते अशी कारवाई त्यात फक्त ३ टक्के होती, बाकी सगळं शाळेच्या मर्जीवर, आणि मर्जी आली की कोणावर ती जास्त वेळा चालते हे सांगायला नको, कृष्णवर्णीय मुलांचा वाटा त्यात जास्त निघाला. ज्यांच्यावर कारवाई झाली ती मुलं त्याच इयत्तेत राहण्याची आणि शाळा सोडण्याची शक्यताही वाढलेली होती. अर्थात जी मुलं मुळातच अडचणीत आहेत त्यांच्यावरच कारवाई होते हेही यात मिसळलेलं आहे, सगळा दोष निलंबनाचा असं म्हणता येणार नाही. पण निलंबनाने काही सुधारलं असंही कुठे दिसत नाही.

मग बोलून मिटवा, गोल बसून चर्चा करा, हे जे नवीन आलंय ते चालतं का?

अर्धं चालतं. म्हणजे भांडण करणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवायचं, कोणाचं काय नुकसान झालं ते बोलायचं, भरपाई काय ते त्यांनीच ठरवायचं, ही कल्पना मला आवडते. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये ४४ शाळांत चिठ्ठ्या टाकून अर्ध्या ठिकाणी हे राबवलं आणि २०१८ मध्ये रँड या संशोधन संस्थेने निकाल दिले. निलंबनं कमी झाली, शिक्षकांना शाळेचं वातावरण सुधारलं असं वाटलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे मार्क उलट घसरले. हे दुसरं वाक्य याचे समर्थक सांगत नाहीत आणि पहिलं वाक्य विरोधक सांगत नाहीत.

माझा अंदाज असा की चर्चेलाही वेळ लागतो आणि तो वेळ कुठून तरी जातोच. त्यासाठी वेगळा माणूस, वेगळी वेळ नसेल आणि गणिताच्या पिरियडला गोल करून बसवलं तर शांत बसून अभ्यास करणाऱ्यांनी काय पाप केलंय?

एक मुलगा अख्खा वर्ग बिघडवतो, त्याच्या हक्कांची सगळ्यांना काळजी, बाकी ३९ जणांचं काय?

रास्त प्रश्न आहे आणि याला "प्रत्येक मूल वेगळं असतं" असलं गुळगुळीत उत्तर दिलं की पालक चिडतात, बरोबरच आहे. त्या ३९ जणांचाही शिकायचा हक्क तेवढाच आहे. त्या क्षणी त्या मुलाला वर्गातून हलवावं लागलं तर हलवा. फरक एवढाच की कुठे आणि किती वेळ. कॉरिडॉरमध्ये उभं केलं तर ती शिक्षा पण नाही आणि शिक्षण पण नाही, बऱ्याच मुलांना तर तेच हवं असतं, धडा चुकतो ना! त्याऐवजी एक खोली, एक मोठं माणूस, वर्गात चाललंय तेच काम हातात, वीस-तीस मिनिटांनी परत, आणि परत येताना वर्गशिक्षकाशी दोन मिनिटं बोलणं. यासाठी एक माणूस जास्त लागतो. शाळेकडे तो नसतो. ही पैशाची अडचण आहे हो, ती मुलाच्या संस्कारांवर ढकलून उपयोग नाही.

आणि तेच मूल आठवड्यात चौथ्यांदा बाहेर आलं तर बाहेर काढणं काम करत नाहीये हे मान्य करून कारण शोधायला लागा. ऐकू कमी येतंय का, फळा दिसतोय का, वाचताच येत नाही म्हणून वाचायची पाळी आली की नेमका गोंधळ करतंय का (हे फार कॉमन आहे), रात्री झोपतंय किती. नोंद ठेवली की कोणत्या पिरियडला आणि कशाच्या आधी होतं ते दिसायला लागतं. नाहीतर म्हशीला आजार आणि पखालीला औषध असा प्रकार होतो.

एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ असा विकार) वगैरे असलेल्या मुलांना पण तेच नियम?

नियम तेच, तिथपर्यंत पोचायचा रस्ता वेगळा. जास्त वेळा हालचाल, छोट्या सूचना, पुढचा बाक. आणि जे वागणं आजारामुळे आहे त्याची शिक्षा करायची नाही, संपला विषय.

जास्त वेळ शाळा म्हणजे शिक्षकांना फुकट राबवणं नाही का?

बऱ्याचदा तेच होतं, आणि जिथे झालं तिथे भडका उडाला. शिकागोत प्राथमिकचा दिवस पावणेसहा तासांचा होता, मोठ्या शहरांत सगळ्यात लहानांपैकी, तो २०१२ मध्ये ७ तासांचा करायचं ठरलं. आधी तडजोड झाली की कामावरून कमी केलेल्यांतले जवळपास ५०० शिक्षक परत घ्यायचे, म्हणजे कला, संगीत, खेळ हा वाढीव भाग ते घेतील आणि बाकीच्यांचा भार फारसा वाढणार नाही. तरी बाकीच्या मुद्द्यांवरून सप्टेंबरमध्ये संप झालाच आणि शाळेचे ७ दिवस बुडाले. डेन्मार्कमध्ये २०१३ च्या एप्रिलमध्ये शिक्षकांच्या कामाच्या वेळेवरून जवळपास चार आठवडे टाळेबंदी झाली, म्हणजे शिक्षकांनाच कामावर येऊ दिलं नाही, कायदा करून ती संपवली, आणि २०१४ च्या ऑगस्टपासून मोठा शाळेचा दिवस लागू केला. ज्यांच्याकडून जास्त काम करून घ्यायचंय त्यांच्याशी असं भांडून सुरुवात केली की पुढे काय होणार.

इंग्लंडमध्ये वेगळं झालं. कोविडनंतर मुलांचं नुकसान भरून काढायला सरकारनेच केव्हन कॉलिन्स यांना नेमलं, त्यांनी रोज अर्धा तास वाढवण्यासकट जवळपास १५ अब्ज पौंडांची योजना मांडली, सरकारने १.४ अब्ज पुढे केले, आणि २०२१ च्या जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. मला त्यांचं पटतं. दहा टक्के पैशात शंभर टक्के योजना होत नाही.

भारतातल्या कायद्यातही शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत, पण त्यात तयारीचा वेळ धरून, हे लिहिलेलं आहे. वर्गातले तास वाढवताना तयारीतून कापले तर शिकवणं पातळ होणार, आणि पातळ शिकवण्याचे जास्त तास कोणाला हवेत?

मुलं दमत नाहीत का एवढा वेळ?

दमतात. डेन्मार्कमधल्या लाखो चाचण्यांवरचा २०१६ चा अभ्यास आहे, त्यात जसजसा दिवस चढतो तसतसे मार्क हळूहळू उतरतात आणि २०-३० मिनिटांची सुट्टी झाली की परत वर येतात. फिनलंडमध्ये ४५ मिनिटं शिकवणं आणि १५ मिनिटं सुट्टी अशी जुनी पद्धत आहे, तास कमी असूनही ती मुलं पिसात वर्षानुवर्षं वर राहिली (अलीकडे घसरलीत, तो वेगळा विषय). तेव्हा दिवस लांबवताना सुट्ट्या कापल्या तर हातात काही लागत नाही. आणि शिक्षा म्हणून मधली सुट्टी बंद करणं हे तर सगळ्यात उलटं, जे मूल एका जागी बसू शकत नाही त्याचंच धावणं बंद करायचं आणि मग पुढच्या पिरियडला ते चुळबुळ करतं म्हणून परत शिक्षा.

वाढवायचंच तर सकाळी लवकर की संध्याकाळी उशिरा?

मोठ्या मुलांसाठी सकाळी अजिबात नको. वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, आळशीपणा नाही तो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नका, आणि कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून २०२२ पासून हायस्कूलला ते लागूही केलं. पहिल्या पिरियडला पेंगणाऱ्या मुलाला उभं करून आपण त्याच्या वयालाच शिक्षा करतो.

खरं सांगायचं तर आम्हाला अभ्यासापेक्षा मूल सुरक्षित हवंय, आम्ही दोघं कामावर असतो. हे म्हणणं चूक आहे का?

चूक कसलं, उलट हे मोकळेपणी बोललं गेलं तर धोरणं जास्त नीट होतील. चिलीने १९९७ मध्ये दोन पाळ्यांच्या शाळा मोडून पूर्ण दिवसाच्या करायला सुरुवात केली, तिसरी ते आठवीचा आठवडा ३० वरून ३८ पिरियडचा झाला, त्यासाठी नवे वर्ग बांधावे लागले म्हणून ते वर्षानुवर्षं चाललं. मार्कांवर परिणाम बेताचाच दिसला, पण जिथे पूर्ण दिवसाची शाळा आली तिथे किशोरवयात आई होण्याचं आणि पोरांनी गुन्ह्यात अडकण्याचं प्रमाण कमी झालं असं संशोधकांना आढळलं. साधं आहे, दुपारी मोठ्या माणसाच्या नजरेखाली असलं की भानगडी कमी.

जर्मनीत पूर्वी शाळा दुपारीच सुटायची. २००१ च्या शेवटी पिसाचे निकाल आले, देश हादरला, आणि २००३ पासून केंद्राने पूर्ण दिवसाच्या शाळांसाठी ४ अब्ज युरो दिले. आता २०२६ च्या ऑगस्टपासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने प्राथमिकच्या मुलांना पूर्ण दिवसाच्या सोयीचा कायदेशीर हक्क मिळतोय. पण तिथेही दुपारचा भाग पुष्कळ ठिकाणी खेळ, छंद, गृहपाठ असाच असतो. सांभाळणं आणि शिकवणं दोन्ही गरजेची कामं आहेत, फक्त एकाच्या नावाखाली दुसरं दाखवू नये. सांभाळायला शिक्षकच पाहिजे असंही नाही.

शाळा वाढली तर होमवर्क बंद होईल ना?

व्हायला पाहिजे, निदान प्राथमिकला. होईलच असं नाही, लेखी विचारून घ्या.

मोबाईल?

वर्गात नको. फ्रान्सने २०१८ मध्ये साधारण १५ वर्षांपर्यंतच्या शाळांत बंदी घातली, नंतर बरेच देश त्या वाटेने गेले. पण फोन जप्त करण्यावरून रोज दहा मिनिटं झटापट होणार असेल तर सकाळी दारातच जमा करा, शिक्षकाला पोलीस करू नका.

वर्ग झाडायला लावणं ही शिक्षा धरायची का? त्यावरून आमच्याकडे वाद झाला.

सगळे पाळीने करतात तर ती जबाबदारी, एकट्याला लावलं तर शिक्षा. जपानमध्ये मुलं रोज वर्ग आणि कॉरिडॉर साफ करतात, वेळापत्रकातच ती वेळ असते, आणि कोणाला अपमान वाटत नाही कारण कोणी सुटत नाही. पण ठराविक घरच्याच मुलांच्या हातात झाडू जातोय असं दिसलं तर तो शिस्तीचा विषयच नाही, सरळ भेदभाव आहे, तक्रार करा.

शाळेने मुलाला चार दिवस घरी ठेवायला सांगितलंय, आम्ही काय करायचं?

आधी लेखी मागा. काय झालं, कोणी बघितलं, कोणत्या नियमाखाली, कधीपासून कधीपर्यंत. मग मुलाचं म्हणणं ऐकून घेतलं का ते विचारा. अमेरिकेत तर सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच सांगितलं की दहा दिवसांच्या आतल्या निलंबनालाही आरोप सांगणं आणि मुलाला बोलायची संधी देणं आवश्यक आहे. भारतात आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला नापास करायची वाट उघडली पण काढून टाकायची नाही. मुलांच्या हक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातही शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी असं कलम २८ मध्ये आहे.

आणि त्या चार दिवसांचा अभ्यास मागून घ्या, परत येण्याच्या दिवशी वर्गशिक्षक भेटतील का ते ठरवून घ्या. शाळेत जाऊन आरडाओरडा करू नका, मुलाला उद्या त्याच माणसांसमोर बसायचंय. घरी त्याला धुवून काढणं पण नको, एका चुकीला किती ठिकाणी शिक्षा?

पुढच्या वर्षीपासून आमची शाळा एक तास वाढतेय. पालकसभेत काय विचारू?

वाढलेल्या तासाचं वेळापत्रक मागा, "सर्वांगीण विकास" असं लिहिलं असेल तर परत द्या. तो तास कोण घेणार, नवीन माणसं येणार की आहे त्याच बाई सातवा पिरियड ओढणार? सुट्ट्या किती मिनिटांच्या? शेवटच्या पिरियडला वर्गात प्रत्यक्ष किती मुलं असतात याची हजेरी वेगळी घेणार का (सकाळची हजेरी घेऊन दुपारी वर्ग अर्धा रिकामा ही सगळीकडची गंमत आहे). घरी जायला अंधार होतो का, बसची वेळ बदलली का, विशेषतः मुलींसाठी हे आधी विचारा, कारण यावरूनच मुलींचं शाळेतून नाव कमी होतं. आणि गेल्या वर्षी किती मुलांना किती दिवस शाळेबाहेर ठेवलं तो आकडाही मागा, मिळाला नाही तरी मागितल्याची नोंद इतिवृत्तात येऊ द्या.

एक वर्ष प्रयोग आहे म्हणतात. नाही जमलं तर बंद करतील ना?

बंद करतील, पण नाही जमलं म्हणूनच करतील असं नाही. मेक्सिकोत २००७ मध्ये सुरू झालेली पूर्ण दिवसाच्या शाळांची योजना वाढत वाढत २५ हजारांहून जास्त शाळांत गेली होती, गरीब वस्त्यांतल्या मुलांना तिचा फायदा होतोय असे अभ्यासही होते, आणि २०२२ च्या सुरुवातीला सरकारने ती बंद केली, पैसा शाळांच्या दुसऱ्या कामांकडे वळवला. फ्रान्सने २०१३ मध्ये शाळेचा आठवडा चार दिवसांवरून साडेचार दिवसांचा केला, २०१७ मध्ये परत जायची मुभा दिली, आणि बहुतेक गावं परत चारवर गेली. डेन्मार्कने लांबवलेला दिवस सगळ्यात लहान वर्गांसाठी पुढे पुन्हा छोटा केला. तेव्हा "प्रयोग" म्हणत असतील तर कशावरून जमलं म्हणणार आणि ते कोण, कधी मोजणार हे वर्ष सुरू व्हायच्या आत लिहून घ्या, मुलांचं वाचन जूनमध्ये एकदा तपासून ठेवायला सांगा, नाहीतर मार्चमध्ये तुलना करायला हातात काहीच नसेल.